बेबी कॉटमधून पहिल्या पलंगावर: केवढा, किती उंच, कठडा हवा का?

उंबरठा:

मुलगा २६ महिन्यांचा आहे. उंची ८८ सेंमी, वजन साडेबारा किलो. बेबी कॉट ६० × १२० सेंमीची असून गादीखालची फळी केव्हाच सर्वांत खालच्या खाचेत उतरवलेली आहे. तो गादीवर उभा राहिला की कठड्याची वरची पट्टी त्याच्या बेंबीच्या आसपास येते, आणि चार दिवसांपासून तो त्या पट्टीवर एक पाय टाकायला लागला आहे. अजून बाहेर पडलेला नाही. चार महिन्यांनी घरात दुसरं बाळ येणार आहे, तेव्हा कॉट त्याला लागेल.

डोक्यात तीन पर्याय आहेत. ७० × १४० चा लहान मुलांचा तयार पलंग, सुताराकडून ९० × १९० चा नेहमीचा सिंगल बेड, किंवा सरळ जमिनीवर गादी. खोली २.७ × ३ मीटर आहे. पलंग किती उंच असावा, कठडा लावायचा का, गादी किती जाड घ्यायची, आणि हे आत्ता करावं की थांबावं? मापांसकट सांगितलंत तर सुताराशी बोलणं सोपं जाईल.

सुतारपक्षी:

आधी कॉटचं बोलू. या कॉटचं काम संपलं. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, त्यामुळे त्याचा तोल मोठ्या माणसापेक्षा वर असतो, साधारण बेंबीच्या थोडा वर. कठड्याची पट्टी त्या पातळीला आली की मुलाला चढावंही लागत नाही. पलीकडे पडलेलं खेळणं बघायला वाकलं तरी ते कलंडतं, आणि पडतं ते डोक्यावर. म्हणून कॉट कधी सोडायची हे वयावर ठरवू नका, उंचीवर ठरवा. ८८-९० सेंमी ही सर्वसाधारण मर्यादा धरतात आणि तुम्ही नेमके तिथे आहात. नवा पलंग येईपर्यंत कॉटमधल्या उशा, मोठी मऊ खेळणी आणि कडेच्या गाद्या काढून टाका, कारण त्यांची पायरी होते. त्याने दुसरा पाय वर आणला तर त्याच रात्रीपासून कॉटची गादी जमिनीवर घाला.

आता पलंग. ९० × १९० घ्या, पण बुटका. पलंगाची लांबी मुलाच्या उंचीपेक्षा २० सेंमी तरी जास्त लागते. त्या हिशोबाने १४० चा पलंग पाच-सहा वर्षांपर्यंत पुरेल. अडचण लांबीची नाही, वजनाची आहे. या छोट्या पलंगांची मर्यादा बहुधा २२-२३ किलोच्या आसपास असते. रात्री ताप आला, मूल रडत उठलं, की मोठं माणूस त्याच्याशेजारी टेकतंच, आणि नेमक्या त्या वेळी मधली पट्टी मोडते. तुमच्या खोलीत ९० × १९० सहज बसतो. जागा खरंच नसती तर १४० चालला असता.

उंची हा यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा. मोठ्यांच्या पलंगावर गादीची वरची बाजू जमिनीपासून ४५-५० सेंमीवर असते. ८८ सेंमीच्या मुलाच्या तळपायापासून गुडघ्याच्या लवणीपर्यंत जेमतेम २० सेंमी भरतात. म्हणजे ५० सेंमीच्या पलंगावरून त्याला उडी तरी मारावी लागते, नाहीतर पोटावर घसरत उतरावं लागतं. गादीची वरची बाजू ३० सेंमीच्या आत ठेवा. सुताराला माप असं द्या: पट्ट्यांची वरची पातळी जमिनीपासून १८ सेंमी, त्यावर १२ सेंमीची गादी. बाजूच्या फळ्यांची वरची कड २२ सेंमीवर येऊ द्या, म्हणजे गादी ४ सेंमी आत बसते आणि सरकत नाही. पाय कायमचे जोडू नका, बोल्टने लावायचे करा. मूल पाच-सहा वर्षांचं झालं की त्याच सांगाड्याला उंच पाय लावता येतात.

गादीखाली सलग प्लाय नको, पट्ट्या हव्यात. २० मिमी जाडीच्या आणि ८ सेंमी रुंदीच्या १४ पट्ट्या घ्या, दोन पट्ट्यांत ६ सेंमी फट ठेवा. १९० सेंमीत हा हिशोब बरोबर बसतो. फट याहून मोठी झाली की फोमची गादी त्यात दबते आणि वर खड्डे जाणवतात. प्रत्येक पट्टीला दोन्ही टोकांना स्क्रू मारलेच पाहिजेत. सुट्या ठेवलेल्या पट्ट्या, मूल उड्या मारायला लागलं की सरकून निसटतात. पट्ट्या ज्या आधारावर टेकतात ती बाजूची आतली पट्टी ३ × ३ सेंमीची, सरस लावून आणि दर १५-२० सेंमीवर स्क्रू मारून पक्की करा. नुसत्या खिळ्यांवर ती टिकत नाही. मूल बारा किलोचं असलं तरी उडीचा दणका त्याच्या कितीतरी पट असतो.

कोपऱ्यांना एम-८ (८ मिमी जाडीचे) बोल्ट, एका कोपऱ्यात दोन, असे आठ. भुशाच्या बोर्डात थेट स्क्रू मारून केलेला जोड दोन-तीनदा उघडला की स्क्रूची पकड जाते, म्हणून बोल्ट आणि आडवा गोल नट. दोन आठवडे वापरल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, लाकूड बसतं तसे ते थोडे सैल होतात. त्यानंतर दर तीन महिन्यांनी एकदा.

फटींचे दोन आकडे सुताराला लिहूनच द्या. डोक्याकडच्या आणि पायाकडच्या फळीत ९ ते २३ सेंमीची एकही मोकळी जागा नको. तेवढ्या जागेतून मुलाचं धड पाय आधी करून निघून जातं आणि डोकं अडकतं. त्याहून सोपं म्हणजे सलग फळीच करा. दुसरं, ७ ते १२ मिमीच्या फटी आणि भोकं नकोत, कारण त्यांत बोटं अडकतात. कोपऱ्याच्या खांबांवर गोळे किंवा टोकं नकोत, सदऱ्याचा गळा त्यात अडकतो. सगळ्या कडा गोल घासून घ्या. रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दशलक्षात ९० भाग) आत असावं, तसं डब्यावर लिहिलेलं असतं. प्लाय किंवा एमडीएफ वापरणार असाल तर ई-१ (फॉर्मल्डिहाइड वायू कमी सोडणारी प्रत) किंवा त्याहून कमी उत्सर्जनाचा मागा. पलंग तयार झाल्यावर किमान आठवडाभर खिडक्या उघड्या ठेवून वारा लागू द्या.

गोधडी:

पलंगाबद्दल वर सगळं आलंच आहे. गादी आणि कठडा यांचं गणित मात्र एकत्र करावं लागतं, कारण गादी जाड झाली की कठडा तेवढाच बुटका होतो. गादीच्या वर कठडा किमान १३ सेंमी उरला पाहिजे. १३ सेंमी उरेल अशा बेताने कठडा केला आणि पुढे हौसेने २० सेंमीची गादी आणली, तर वर पाचच सेंमी उरतात. झोपेत कुशीवर वळलेलं मूल त्यावरून अलगद खाली जातं.

१० ते १२ सेंमी पुरेत. फोम असेल तर घनता ३० ते ३२ च्या (किलो प्रति घनमीटर) आसपास घ्या आणि टणक घ्या. बारा किलोच्या मुलाला मोठ्या माणसासारखी जाड गादी लागत नाही. पारख सोपी आहे. तळहात जोरात दाबून उचलायचा, खळगा लगेच भरून यायला हवा. मग गादीच्या अगदी कडेला दाबून बघायचं. कड लोळत असेल तर मूल कडेला आल्यावर बाहेरच्या बाजूला घरंगळतं, आणि लहान मुलं झोपेत सगळ्या पलंगभर फिरतात. मेमरी फोम नको. त्यात मूल रुततं, उकडतं आणि कूस बदलणं जड जातं. कॉयरची गादी टणक असते, चांगली. पण ओली झाली तर लवकर वाळत नाही आणि वास धरते. मोठ्यांची वापरलेली गादी मधे खोलगट झालेली असते, ती मुलाच्या पलंगावर घालू नका. गादी आणि सांगाडा यांच्यामध्ये दोन बोटांपेक्षा जास्त फट नको, फार तर ३ सेंमी.

कठडा. तयार मिळणारे जाळीचे घडीचे कठडे गादीखाली सरकवलेल्या दोन लोखंडी दांड्यांवर उभे असतात. मूल रोज टेकून टेकून तो कठडा हळूहळू बाहेर ढकलतं आणि गादी व कठडा यांच्यामध्ये फट तयार होते. या कठड्यांचा खरा धोका पडण्याचा नाही, या फटीचा आहे. मूल तीत घसरतं आणि चेहरा गादीत दाबला जातो. असा कठडा घेतलात तर त्याचा पट्टा गादीखालून पलीकडच्या फळीपर्यंत नेऊन ताणून बांधा, आणि रोज रात्री चादर घालताना एकदा बाहेर ओढून बघा. बोट आत गेलं तर पट्टा पुन्हा आवळा. दीड वर्षाखालच्या मुलासाठी हे कठडे नसतातच. मऊ किंवा हवा भरलेल्या गादीवरही ते लावू नयेत.

सुतार येणारच आहे तर बाजूच्या फळीला बोल्टने बसणारा लाकडी कठडाच करून घ्या. लांबी ९० ते १०० सेंमी, सलग फळीचा, किंवा दांड्यांचा असेल तर दांड्यांमध्ये ६ सेंमीच्या आत अंतर. डोक्याकडच्या फळीला एक तर तो पूर्ण भिडलेला हवा, नाहीतर मधे किमान २५ सेंमी मोकळे हवेत. अधलंमधलं अंतर नको. पायाकडची किमान ६०-७० सेंमी जागा उतरण्यासाठी उघडी सोडा. पूर्ण लांबीचा कठडा केला तर मूल त्यावरून चढून उतरायला शिकतं आणि ज्या त्रासातून सुटलात तोच परत येतो.

भिंत विसरू नका. पलंग भिंतीला लावायचा तर पूर्ण चिकटवून लावा, नाहीतर ३० सेंमी लांब ठेवा. गुळगुळीत फरशीवर पलंग रोज थोडा थोडा सरकतो आणि महिन्याभरात भिंतीशी हातभर नाही, पण वीतभर फट पडते. नेमकी ती वीतच वाईट. पायांखाली रबराचे तुकडे चिकटवा किंवा एका एल-पट्टीने सांगाडा भिंतीला जखडा. फरशीलगतची भिंतीची पट्टी बाहेर आलेली असते, तिच्यामुळे पलंग भिंतीला टेकतच नाही, तेही बघून घ्या. तेवढ्या जाडीचा लाकडी ठोकळा सांगाड्याला मागून लावला की वरची फट बंद होते.

अंथरुणाचं थोडक्यात. पाणी न झिरपणारी दोन आवरणं आणि इलॅस्टिकच्या दोन चादरी घ्या, आणि त्या एकावर एक घाला: आवरण, चादर, पुन्हा आवरण, चादर. रात्री ओलं झालं की वरची जोडी ओढून काढली, खाली कोरडं तयारच असतं. उशी दोन वर्षांनंतर चालते, पण लागतेच असं नाही. द्यायची तर चार-पाच सेंमी जाडीची, चपटी. पांघरूण त्याच्या मापाचं, साधारण १०० × १३५ पर्यंत. मोठ्यांची जड रजई नको.

चांदणवेळ:

एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. पाय पट्टीवर गेला की कॉट संपली, हे प्रत्येक मुलाला लागू होत नाही. सव्वादोन वर्षांच्या मुलाला ‘इथेच झोपून राहायचं’ हा नियम कळतो, पण पाळता येत नाही. तिसऱ्या वर्षाच्या जवळपास हे बरंच सोपं जातं. अंगात घालायच्या झोपेच्या पिशवीने पाय वर उचलणं अडतं आणि काही मुलांच्या बाबतीत महिना-दोन महिने निघतात. पण तुमच्याकडे दोन गोष्टी एकत्र आहेत: उंची मर्यादेवर आलेली आहे आणि कॉट चार महिन्यांत लागणार आहे. त्यामुळे तुम्ही आत्ताच करा. बाळ येण्याआधी किमान सहा ते आठ आठवडे मूल नव्या पलंगावर रुळलेलं हवं, नाहीतर ‘माझी जागा बाळाने घेतली’ असं ते धरून बसतं. मूल पलंगावर गेलं की कॉट खोलून नजरेआड ठेवा आणि बाळासाठी काढाल तेव्हा शक्यतो दुसऱ्या खोलीत लावा. याच पंधरवड्यात लंगोट सोडवणं किंवा दुपारची झोप बंद करणं, असं काही सुरू करू नका.

पलंगापेक्षा खोलीवर जास्त वेळ घालवा, कारण आजवर कॉट जे अडवत होती ते आता खोलीला अडवायचं आहे. मूल रात्री दोन वाजता, तुम्ही झोपलेले असताना, खोलीत एकटं फिरणार हे धरून चला. कपाट, खणांचं टेबल, पुस्तकांचा रॅक हे सगळं वरच्या बाजूने भिंतीला पट्टीने जखडा. मूल खालचे खण उघडून त्यांची पायरी करतं, आणि दोन-तीन खण उघडे असताना त्यावर चढलं की अख्खं कपाट पुढे येतं. जड सामान खालच्या खणात ठेवा. पडद्याच्या दोऱ्या दीड मीटरच्या वर गुंडाळून अडकवा. पलंग खिडकीखाली नको, आणि खिडकी १० सेंमीपेक्षा जास्त उघडणार नाही अशी अडवणी बसवा. चार्जर, पंख्याची वायर, औषधाची डबी, सगळं उचला. मग स्वतः गुडघ्यांवर बसून खोलीभर एकदा रांगा. उभ्याने न दिसणाऱ्या चार गोष्टी तरी सापडतात.

दाराला बाहेरून कडी लावू नका. आग लागली, उलटी झाली, तर मूल अडकतं. जिन्याच्या तोंडाशी गेट हवंच, पण खोलीच्या दारातलं गेट या वयात फारसं उपयोगी नाही. कॉटवर चढणारं मूल गेटवरही चढतं. त्यापेक्षा दाराला छोटी घंटी लावा, दार हललं की तुम्हाला जाग येईल.

पहिल्या रात्रींबद्दल. पलंग कॉटच्याच जागी, डोकं त्याच दिशेला, तेच पांघरूण, तीच बाहुली. निजायची वेळ पहिला आठवडाभर १५-२० मिनिटं पुढे ढकला, म्हणजे पलंगावर पोचेपर्यंत डोळे जड झालेले असतात. या वयाला दुपारची झोप धरून ११ ते १४ तास झोप लागते, तीन वर्षांनंतर १० ते १३. दुपारी तीन तास झोपलेल्या मुलाकडून रात्री आठला निजण्याची अपेक्षा धरली तर पलंग कितीही चांगला असला तरी ते उठून येणारच. उठून आलं की एकच ठरलेलं वाक्य बोला, ‘आता निजायचं’, आणि हात धरून परत न्या. गोष्ट, पाणी, लाड, रागावणं, यातलं काही नको. पहिल्या रात्री हे पंधरा-वीस वेळा करावं लागू शकतं. सहसा एक-दोन आठवड्यांत कमी होतं. घरातल्या दोघांनी सारखंच वागायला हवं. एकाने परत नेलं आणि दुसऱ्याने कुशीत घेतलं, तर मूल बरोबर दुसऱ्याचीच वाट बघतं.

उंबरठा:

सगळ्यांचे मनापासून आभार, मापं तशीच्या तशी उतरवून घेतली. दोन शंका उरल्या. सुतार म्हणतोय की खाली दोन खण काढू, खेळणी मावतील. आणि ३० सेंमीच उंची ठेवायची तर सरळ गादी जमिनीवरच का घालू नये? पडण्याचा प्रश्नच मिटला.

सुतारपक्षी:

खण नकोत. कामाचा खण करायचा तर १८-२० सेंमी उंची त्यालाच जाते आणि गादी चाळिसाच्या पुढे चढते. खाली हवा खेळायची थांबते. शिवाय खणाच्या चॅनेलमध्ये बोटं चिमटतात, आणि उघडा राहिलेला खण अंधारात उतरताना नडगीला लागतो. खेळण्यांसाठी बिनझाकणाची टोपली ठेवा. जड झाकणाची पेटीही नको.

जमिनीवर गादी घालण्याची कल्पना चांगली आहे, फक्त गादी थेट फरशीला टेकवू नका. अंगातली ऊब आणि घाम गादीतून खाली उतरतो, थंड फरशीला भेटतो आणि तिथेच दमटपणा साठतो. काही आठवड्यांत गादीच्या पोटाला काळे ठिपके दिसायला लागतात. ही बुरशी धुऊन पूर्ण जात नाही आणि मुलाचं नाक चोंदायला ती पुरेशी आहे. रोज सकाळी गादी भिंतीला उभी केली तर चालतं, पण ते रोज होत नाही.

म्हणून पलंग बाजूला ठेवून आधी पट्ट्यांचा तराफाच करून घ्या. ४ सेंमी उंचीचे तीन लांब दांडे, दोन कडांना आणि एक मधे, आणि त्यांवर त्याच १४ पट्ट्या. तराफा ६ सेंमी आणि गादी १२, म्हणजे गादीची वरची बाजू १८ सेंमीवर. तो काठावर बसला तर पाय जमिनीला टेकतील. खालून हवा जाते, आठवड्यातून एकदा गादी उभी केली तरी पुरे. वर्ष-दीड वर्षाने हाच तराफा बाजूच्या फळ्यांच्या आत बसवायचा. म्हणून रुंदी आत्ताच नीट धरा: गादी ९० असेल तर तराफा ८९, आणि फळ्यांमधलं अंतर ९१. फळ्यांच्या बोल्टची भोकं सुताराकडून आजच पाडून घ्या. पुढे घरच्या घरी भोक पाडताना अर्धा सेंमी चुकलं तरी कोपरा काटकोनात बसत नाही.

गोधडी:

तराफा केलात तर कठडा आत्ता लागणार नाही. उघड्या बाजूला इलॅस्टिकच्या चादरीखाली, गादीच्या कडेला समांतर, ८-१० सेंमी जाडीची फोमची लांब गुंडाळी सरकवा. झोपेत तिला अंग लागलं की मूल आपसूक आत वळतं, आणि जागं असताना ती ओलांडायला सोपी असते. गुंडाळी चादरीच्या खालीच हवी, वर मोकळी नको. कडेला जमिनीवर २-३ सेंमी जाडीची टणक चटई घाला, ६० सेंमी रुंद, खाली न सरकणारी. उशांचा ढीग रचू नका, रात्री उतरताना त्यात पाय अडकतो.

भिंतीचा नियम तराफ्यालाही तोच. उलट तराफा हलका, पलंगापेक्षा लवकर सरकतो. भिंतीला चिकटवणार असाल तर दांड्यांच्या तळाला रबराच्या पट्ट्या मारा आणि केर काढायला तराफा ओढलात की परत भिंतीला टेकवून, हात घालून फट बघा.